सेटवरच दिसणारा बुरूज: जेटसेट सिनेचं परीक्षण

किल्ल्याचा दरवाजा १४ फुटांपर्यंत बांधलेला असतो, त्याच्या वर हिरवा कपडा ताणलेला असतो आणि त्या कपड्याच्या जागी येणारा बुरूज पोस्टमध्ये, म्हणजे शूटनंतरच्या कामात, संगणकावर लागायचा असतो. अशा सेटवर डीओपीचा, म्हणजे छायाचित्रण दिग्दर्शकाचा, पहिला प्रश्न ठरलेला: वर किती सोडू? व्हीएफएक्स सुपरवायझर हात वर करून अंदाज सांगतो, कुणी मोबाइलवर स्केच दाखवतं आणि शॉट घेतला जातो. जागा कमी सोडली तर बुरुजाचं टोक फ्रेमबाहेर जातं. जास्त सोडली तर माणसं तळाशी चेपली जातात. मग पोस्टमध्ये रीफ्रेम करा, प्लेट (मूळ चित्रित शॉट) वाढवा, नाहीतर बुरूजच बुटका करा, असे तीनच रस्ते उरतात आणि तिन्हींत पैसा जातो.

हा प्रश्न सेटवरच सोडवणाऱ्या साधनांमध्ये छोट्या युनिटला परवडेल असं सध्याचं सगळ्यात कामाचं साधन म्हणजे लाइटक्राफ्ट टेक्नॉलॉजीचं जेटसेट सिने हे आयफोनवरचं ॲप. ही अमेरिकन कंपनी या धंद्यात नवी नाही. प्रीव्हिझन नावाची त्यांची जुनी यंत्रणा टीव्ही मालिकांच्या हिरव्या पडद्यासमोर डिजिटल सेट थेट दाखवायची, पण तिला वर लावलेले मार्कर, वेगळा संगणक आणि ती चालवणारा जाणकार माणूस लागायचा. ॲपलने २०१७ मध्ये एआरकिट, म्हणजे कॅमेऱ्याच्या चित्रात डिजिटल वस्तू बसवण्याची सोय, आणलं आणि २०२० मध्ये आधी आयपॅड प्रोवर, मग आयफोन १२ प्रोवर लायडार हा अंतर मोजणारा सेन्सर बसवला. कॅमेऱ्याची जागा आणि दिशा ओळखण्याचं काम त्यानंतर खिशातला फोन करू लागला. जेटसेट त्या फोनवर उभं आहे.

साधं जेटसेट आणि जेटसेट सिने यांतला फरक आधी समजून घ्यावा, कारण चौकशी करणारे बहुतेक जण इथेच गोंधळतात. साध्या आवृत्तीत चित्र फोनच्याच कॅमेऱ्याचं असतं आणि त्यावर डिजिटल वस्तू दिसतात. सिने आवृत्तीत फोन तुमच्या खऱ्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो. फोनचा स्वतःचा कॅमेरा फक्त ट्रॅकिंग करतो. चित्र खऱ्या कॅमेऱ्याचं, त्याच लेन्समधून, वायरने फोनमध्ये येतं आणि बुरूज त्या चित्रावर चढतो. डीओपीला हवी असते ती ही दुसरी गोष्ट. फोनच्या २४-२६ मिमी कोनातून बुरूज छानच दिसतो, पण तुम्ही ५० मिमी लावणार असाल तर त्या दिसण्यावरून फ्रेम ठरत नाही.

काय काय लागतं

लायडार असलेला आयफोन प्रो. ॲक्सून कंपनीचा सीमो हा छोटा डबा, जो कॅमेऱ्याचं एचडीएमआय फोनमध्ये घेतो. सीमोला एनपी-एफ जातीची बॅटरी लागते आणि त्याच बॅटरीवर तो फोनही चार्ज करत राहतो, त्यामुळे दिवसभर फोनच्या चार्जिंगची वेगळी काळजी राहत नाही. अलेक्सा मिनीसारख्या फक्त एसडीआय देणाऱ्या कॅमेऱ्यासाठी सीमो प्रो घ्यावा किंवा मध्ये एसडीआय ते एचडीएमआय कन्व्हर्टर टाकावा. टाइमकोडसाठी, म्हणजे फोन आणि कॅमेरा दोघांच्या फ्रेमवर एकच वेळ नोंदली जावी म्हणून, टेंटॅकल सिंक: कॅमेऱ्याला वायरने आणि फोनला ब्लूटूथवरून वेळ द्यायला. सोनी एफएक्स३ वापरत असाल तर टाइमकोड आत घ्यायला सोनीची मल्टी टर्मिनल ते बीएनसी वायर वेगळी घ्यावी लागते. ती दुकानात हाताशी असेलच असं नाही, तेव्हा शूटच्या आदल्या दिवसावर ठेवू नका. शेवटी एक संगणक, त्यावर लाइटक्राफ्टचंच ऑटोशॉट, आणि ब्लेंडर किंवा अनरियल हे थ्रीडी सॉफ्टवेअर.

कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन एचडीएमआयवरची सगळी माहिती बंद करा. बॅटरीची खूण, फोकस पीकिंग, झेब्रा असं काहीही चित्रावर राहिलं की लेन्स कॅलिब्रेशन (लेन्सचा कोन आणि फोनपासूनचं तिचं अंतर ॲपला मोजू देणं) त्या रेषांनाही दृश्याचा भाग समजतं आणि हिशोब बिघडतो. फोन फ्लाइट मोडवर टाकून ब्लूटूथ आणि लागेल तेवढं वायफाय पुन्हा चालू करा. टेकच्या मध्यात फोन आला की ॲप मागे जातं, ट्रॅकिंग तुटतं, आणि परत आल्यावर फोनला जागा पुन्हा ओळखता येईलच याची खात्री नाही.

फोन बसवणं

या यंत्रणेचं यश-अपयश एका स्क्रूवर ठरू शकतं, इतकं हे महत्त्वाचं आहे. ३५ मिमी लेन्स आणि फुल फ्रेम सेन्सर असेल तर आडवा कोन साधारण ५४ अंश भरतो. १९२० पिक्सेलच्या चित्रात एक अंश म्हणजे सुमारे ३५ पिक्सेल. कॅलिब्रेशन झाल्यावर फोन एका अंशाने जरी वळला तरी बुरूज सेटपासून ३५ पिक्सेल सरकतो, आणि ८५ मिमी लेन्सवर हेच अंतर ८० पिक्सेल होतं. कोल्ड शूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या खाचेत, सरकवून बसवायचे स्वस्त फोन होल्डर इथे चालत नाहीत. ते फिरतात. केजला (कॅमेऱ्याभोवतीच्या धातूच्या चौकटीला) दोन ठिकाणी पकडणारी, अँटी-ट्विस्ट पिन असलेली धातूची पट्टी घ्या आणि फोन कव्हर काढून बसवा, कारण सिलिकॉनचं कव्हर दबतं आणि उष्णताही धरून ठेवतं. बसवल्यावर केजच्या कडेला आणि फोनच्या कडेला मिळून एक बारीक टेप लावून त्यावर पेनाने सलग रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की कॅलिब्रेशन गेलं, हे पाच फुटांवरूनही कळतं.

फोन लेन्सच्या वर १५ सेंटीमीटर असेल तर दोन मीटरवरच्या वस्तूकडे बघताना दोघांच्या दिशेत चार अंशांहून जास्त फरक पडतो, दहा मीटरवर एका अंशाहून कमी. हा फरक कॅलिब्रेशन भरून काढतं, पण जवळच्या शॉटमध्ये त्याची छोटी चूकही मोठी दिसते. म्हणून फोन शक्य तितका लेन्सजवळ ठेवा. मॅट बॉक्स (लेन्सपुढची उजेड अडवणारी चौकट) किंवा मॉनिटरचा हात फोनच्या कॅमेऱ्याच्या आड येत नाही ना, तेही बघा. कोपऱ्यात सतत दिसणारा मॅट बॉक्स फोनला जगातली एकमेव न हलणारी वस्तू वाटतो. गिंबलवर असाल तर फोन, सीमो आणि बॅटरी बसवूनच बॅलन्स करा.

सीन तयार करताना

डिजिटल सेट फोनवर यूएसडीझेड फाइल म्हणून जातो. ब्लेंडरमध्ये एकक मीटर, अनरियलमध्ये सेंटीमीटर, आणि आपल्याकडे आर्ट डिपार्टमेंटची ड्रॉइंग फूट-इंचांत. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर. ड्रॉइंगमधला १४ तसाच मीटर म्हणून टाकला तर दरवाजा ४६ फुटांचा होतो, आणि खऱ्या दरवाजाशी जुळवल्याशिवाय हे फोनवर पटकन लक्षातही येत नाही. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक सीनमध्ये पावणेसहा फुटांचा, म्हणजे १.७५ मीटरचा एक साधा पुतळा उभा ठेवणं. सेटवर कुणालाही त्याच्या शेजारी उभं केलं की मोजमापाची चूक लगेच उघडी पडते.

बांधलेला दरवाजाही मॉडेलमध्ये असू द्या, पण वेगळ्या रंगात आणि बंद-चालू करता येईल असा. जुळवणी तपासायला तोच उपयोगी पडतो. टेक्स्चर २०४८ पिक्सेलच्या वर नेऊ नका आणि नक्षीकाम टेक्स्चरमध्येच भाजून (बेक करून) घ्या. फोनला बुरुजाचा आकार, काठ आणि सावलीची दिशा दाखवता आली की काम झालं, दगडाची खरबड नंतरही करता येते. धूर, आग, धुळीचे लोट यांचं ब्लेंडरमधलं सिम्युलेशन फोनवर येत नाही. त्यांच्या जागी अर्धपारदर्शक नळकांडी किंवा ठोकळे ठेवा. स्फोट कुठपर्यंत जाणार हे कळण्यापुरतं ते पुरेसं असतं, आणि पात्रांना कुठे उभं करायचं नाही हेही त्यावरून ठरतं.

सीनमध्ये लोकेटर ठेवायची सोय आहे, म्हणजे खऱ्या जमिनीवरचा बिंदू मॉडेलमधल्या कोणत्या बिंदूवर बसवायचा ते आधीच ठरवून ठेवता येतं. दरवाजाच्या मधोमध एक, आतल्या चौकात एक, तटावर एक असे तीन-चार लोकेटर आधीच लावले तर कॅमेरा फिरवल्यावर नव्याने हिशोब करावा लागत नाही.

याच टप्प्यावर लेन्सचं गणितही कागदावर मांडून घ्यावं, कारण ॲप तुम्हाला दाखवतं पण स्टुडिओचा फ्लोअर लहान असेल तर तो मोठा करून देत नाही. समजा बुरुजासकट उंची १२ मीटर आहे, कॅमेरा दीड मीटरवर आहे, सेन्सर फुल फ्रेम आणि फ्रेम १६:९. ३५ मिमी लेन्सचा उभा कोन साधारण ३२ अंश. कॅमेरा सरळ ठेवला तर टोक फ्रेममध्ये यायला ३६ मीटर मागे जावं लागेल. १० अंश वर टिल्ट केला तर २१ मीटर आणि थोडं पुरतं. २४ मिमी लावून तोच टिल्ट ठेवला तर १६ मीटर. फ्लोअर २० मीटरचाच असेल तर ३५ मिमीचा हट्ट शूटच्या आधीच सोडून दिलेला बरा.

कॅलिब्रेशन आणि जुळवणी

लेन्सचं कॅलिब्रेशन सेटसमोर करू नका, हिरव्या कपड्यासमोर तर नाहीच. जवळ-लांब अशा भरपूर वस्तू असलेली, खरबरीत पोताची, उजेडातली जागा शोधा. कॅमेरा व्हॅन, जनरेटर, दगडी भिंत, मागे झाडं असा कोपरा स्टुडिओच्या आवारात हमखास मिळतो. तिथे कॅमेरा थोडा थोडा बाजूला, पुढे, वर सरकवत फ्रेम घ्यायच्या. नुसता पॅन करून चालत नाही, कारण जागेवर फिरवल्याने लेन्स आणि फोन यांच्यातलं अंतर कळत नाही. ते कळायला कॅमेरा खरोखर सरकावा लागतो. प्रत्येक प्राइमसाठी, म्हणजे एकाच फोकल लेंग्थच्या लेन्ससाठी, हे वेगळं करायचं. लेन्स ब्रीद होत असेल, म्हणजे फोकस बदलल्यावर कोन बदलत असेल, तर शॉटमध्ये पात्र जिथे असणार आहे त्या अंतरावर फोकस ठेवूनच कॅलिब्रेट करा. जुन्या स्टिल लेन्स इथे फार त्रास देतात. झूम लावायचाच असेल तर एका ठरलेल्या फोकल लेंग्थवर टेप मारून तो प्राइमसारखा वापरा.

झाल्यावर परीक्षा घ्या. जमिनीवर मोजपट्टीने एक मीटरचा चौकोन टेपने आखा, त्यावर एक मीटरचा डिजिटल ठोकळा ठेवा आणि तीन बाजूंनी बघा. समोरून बरोबर आणि बाजूने सरकलेला दिसला तर फोन आणि लेन्समधलं अंतर चुकलंय. सगळीकडून किंचित मोठा किंवा लहान दिसला तर फोकल लेंग्थ चुकलीय.

सेटशी जुळवणी करताना ओरिजिन, म्हणजे डिजिटल सेटचा शून्यबिंदू, जमिनीवर ठेवून दिशा फिरवून लावायची असते. लोक घाईत जवळजवळचे दोन बिंदू घेतात आणि फसतात ते इथेच. एक मीटर अंतरावरचे दोन बिंदू घेतले आणि दुसऱ्यात दोन सेंटीमीटरची चूक झाली, तर २० मीटरवर बुरूज ४० सेंटीमीटर सरकतो. तेच दोन बिंदू चार मीटर अंतरावर घेतले तर चूक १० सेंटीमीटरवर येते. दरवाजाच्या दोन खांबांच्या तळाशी खूण करा, सकाळीच लेझर टेपने मोजा, आणि खुणा तिथेच राहू द्या. त्या झाडून निघणार नाहीत हे आर्टवाल्यांना आधी सांगून ठेवा.

ट्रॅकिंग कुठे तुटतं

फोन दोन गोष्टींवर चालतो: कॅमेऱ्यातले ठळक बिंदू आणि आतला मोशन सेन्सर. दोन्हींचं एकमत असेल तोवर जागा पक्की राहते. चहूबाजूंनी हिरवा असलेला सायक्लोरामा (कोपरे नसलेला वक्र पडदा) फोनला आंधळा करतो. तिथे मार्कर लावा, पण एकसारख्या फुल्या एकसारख्या अंतरावर लावू नका. फोनला एक फुली दुसरीपासून वेगळी ओळखता येत नाही. कुठे फुली, कुठे त्रिकोण, कुठे तिरकी पट्टी, अशी मिसळ करा.

सोपा आणि जास्त परिणामकारक उपाय फ्रेमच्या बाहेर असतो. फोनचा मुख्य कॅमेरा तुमच्या ३५ किंवा ५० मिमीपेक्षा बराच रुंद बघतो, त्यामुळे फ्रेमच्या कडेबाहेर लाइटच्या पेट्या, स्टँड, ॲपल बॉक्स (लाकडी ठोकळे), वर्तमानपत्र चिकटवलेला एखादा फ्लॅट उभा केला की पडद्यावर काहीही न लावता ट्रॅकिंग सुधारतं. मात्र त्या पेट्या मग हलवायच्या नाहीत. लाइटमन दादांना हे टेकच्या आधी नीट समजावून सांगितलं पाहिजे, कारण रिकामी दिसणारी पेटी उचलून नेणं हे त्यांचं रोजचं कामच आहे.

रात्रीच्या दृश्यात अडचण वेगळी असते. अंधारात फोन एक्सपोजर वाढवतो, कॅमेरा हलताच फोनचं चित्र फरफटतं आणि बिंदू सुटतात. फ्रेमबाहेरच्या त्याच पेट्यांवर एक मंद लाइट टाकला तरी भागतं. तो डीओपीच्या उजेडात मिसळणार नाही इतका कटरने आडवा. चकचकीत एपॉक्सी फ्लोअर, पाणी, वाऱ्यावर हलणारं गवत, फ्रेम भरून टाकणारी गर्दी यांच्यापुढेही फोन डगमगतो. कोकणातल्या सड्यावर किंवा सह्याद्रीच्या कातळावर उन्हात ट्रॅकिंग छान होतं, कारण जांभ्याला आणि काळ्या दगडाला पोत भरपूर. तीच जागा पावसाळी धुक्यात गेली की फोनला धरायला काही उरत नाही.

धावत्या गाडीतल्या शॉटसाठी हे वापरू नका. फोनचा सेन्सर गाडीचा वेग आणि वळण अनुभवतो, पण कॅमेऱ्याला समोर गाडीची न हलणारी आतली बाजू दिसते. दोन्हींचं भांडण लागतं आणि बुरूज काचेवरून वाहत जातो. लिफ्ट, होडी, बैलगाडी, सगळीकडे हेच. ट्रॉलीवर मात्र काही अडचण नाही, कारण तिथे आजूबाजूचं जग स्थिर असतं. जिमी जिबवर चालतं, पण हात झटक्याने थांबवला की टोकाची थरथर बुरुजात दिसते.

उन्हाचं सांगायलाच हवं. आयफोन ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत वापरावा असं ॲपल सांगतं. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत एप्रिल-मेमध्ये उघड्यावर दुपारपर्यंत पारा त्याच्या वर गेलेला असतो, आणि इथे फोनचा कॅमेरा, लायडार, ग्राफिक्स आणि चार्जिंग एकाच वेळी चालू असतं. आधी पडदा मंद होतो, मग फ्रेम गळू लागतात, मग फोन बंद. थर्माकोलचा तुकडा केजला क्लॅम्प करून फोनवर सावली करा, मागे चुंबकाने बसणारा छोटा पंखा लावा, रिहर्सल नसेल तेव्हा ॲप बंद ठेवा. तापलेला फोन बर्फाच्या पेटीवर ठेवू नका, लेन्सच्या आत दव धरतं.

माणसं आणि घोडे

बुरुजासमोर माणूस आला की तो बुरुजाच्या पुढे दिसला पाहिजे. हे दोन मार्गांनी होतं: क्रोमा, म्हणजे हिरवा रंग काढून टाकणं, किंवा माणूस ओळखून कापणं. दुसरा मार्ग हिरव्या पडद्याशिवाय चालतो म्हणून मोहात पाडतो. त्याची मर्यादा ऐतिहासिक सेटवर पहिल्याच मिनिटाला दिसते. मावळा दिसतो, त्याच्या हातातला भाला बुरुजात गडप होतो. स्वार हवेत बसलेला असतो आणि खालचा घोडा गायब. ही पद्धत माणसाचा आकार ओळखते, भाला आणि घोडा तिच्या लेखी भिंतीचाच भाग आहेत. फेट्याचा सुटलेला शेमला आणि वाऱ्यावरची ओढणीही अर्धी कापली जाते. लायडारवर विसंबून खोली ठरवायची म्हटलं तर त्याची पोच पाच मीटरपर्यंतच. आपल्या १६ किंवा २१ मीटरच्या शॉटमध्ये दरवाजापाशी उभा असलेला माणूस त्याच्या टप्प्यातच येत नाही.

म्हणून शस्त्रं, प्राणी, गर्दी असेल तिथे क्रोमाच लावा, आणि कपडा फक्त दरवाजाच्या वरच्या काठाशी माणसांचे शेंडे, भाले, झेंडे ज्या पट्ट्यात हलणार आहेत तेवढ्यालाच हवा. वरचं आकाश मोकळं सोडलं तरी प्रिव्ह्यू बिघडत नाही, कारण तिथे कापायला काही नसतं. कपड्याचा खर्च आणि वाऱ्याशी झगडा दोन्ही कमी होतात. सेटवर हे डोळ्यांनी दिसतं तेव्हा किती कपडा हवा यावरचा वाद मिटतो, आणि आमच्या मते या साधनाची अर्धी किंमत इथेच वसूल होते.

नजरेची दिशाही यातून पक्की होते. बुरुजावरच्या पहारेकऱ्याकडे पात्राने बघायचं असेल तर प्रिव्ह्यूत त्याच्या डोक्याची जागा बघा, बांबूला टेनिसचा बॉल लावून तो बांबू चित्रात त्या जागी येईपर्यंत हलवा, मग फोन सोडून कलाकाराला बॉलकडे बघू द्या. कलाकाराला प्रिव्ह्यूचा मॉनिटर दाखवू नका, त्याची नजर मॉनिटरकडे वळते.

उजेडासाठी मात्र या चित्रावर विश्वास ठेवू नये. फोनवरचं मटेरियल सोपं केलेलं असतं आणि त्यावर पडणारा प्रकाश सेटवरचा नसतो. सूर्याची दिशा होकायंत्राने मोजून ब्लेंडरमध्ये लावून ठेवली तर बुरुजाची सावली कुठे पडेल एवढं कळतं, आणि सकाळी दहाला घ्यायचा शॉट दुपारी चारवर गेला की किती बिघडेल तेही कळतं. त्यापलीकडे एक्सपोजर, काँट्रास्ट, रंग यांचा निर्णय मीटर आणि वेव्हफॉर्मवरच घ्या.

उशीर

कॅमेऱ्याचं चित्र फोनमध्ये पोचायला काही फ्रेम लागतात. २४ एफपीएसवर तीन फ्रेमचा फरक म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. सेकंदाला ३० अंशांच्या पॅनमध्ये तेवढ्यात कॅमेरा पावणेचार अंश वळतो आणि ३५ मिमीवर बुरूज १३० पिक्सेल मागे किंवा पुढे पडतो. तपासायची रीत सोपी: सेटवरच्या खांबाला डिजिटल काठी चिकटवा, जोरात पॅन करून एकदम थांबा, आणि थांबताना दोन्ही एकत्र थांबतात का ते बघा. सीमोपर्यंत थेट वायर ठेवा, मध्ये वायरलेस व्हिडिओ घालू नका. दिग्दर्शकाला फोनचा पडदा एअरप्लेने मोठ्या मॉनिटरवर दाखवणार असाल तर उशीर आणखी वाढतो. तो फ्रेमिंगसाठी चालतो, ॲक्शनची वेळ ठरवायला नाही. फोकस पुलरला तर हे चित्र कधीच देऊ नका, त्याचा मॉनिटर कॅमेऱ्याच्या स्वतंत्र आउटपुटवरच राहू द्या.

टेक झाल्यावर

ऑटोशॉट फोनवरचा टेक आणि कॅमेऱ्याची मूळ क्लिप टाइमकोडने जुळवतं आणि ब्लेंडर किंवा अनरियलमध्ये कॅमेरा, फुटेज, सेट असा उघडण्याजोगा सीन तयार करतं. एडिटरला हिरव्या कपड्याऐवजी बुरुजासकट कच्चा शॉट त्याच संध्याकाळी मिळू शकतो, आणि कट कुठे मारायचा यावर त्याचा फार परिणाम होतो. टेंटॅकल नसेल तर क्लॅपच्या फ्रेमवर हाताने जुळवावं लागतं. एक-दोन टेकसाठी ते होतं, पण दिवसाचे चाळीस टेक असतील तर रात्र जाते.

हे ट्रॅकिंग फायनलला चालेल का, हा प्रश्न प्रत्येक प्रोड्यूसर विचारतो. मागे दूर, फोकसबाहेर असलेल्या डोंगरासाठी बऱ्याचदा चालतं. दरवाजाच्या १४ फुटांच्या काठावर जिथे खरा दगड संपून डिजिटल दगड सुरू होतो, तिथे नाही. एका दशांश अंशाची थरथर ३५ मिमीवर साडेतीन पिक्सेल होते आणि तो सांधा डोळ्यांना टोचतो. तिथे सिंथआइजसारख्या सॉफ्टवेअरमध्ये शॉट पुन्हा सॉल्व्ह करावा लागतो, म्हणजे कॅमेऱ्याची हालचाल चित्रावरून नव्याने काढावी लागते. फोनचा डेटा सुरुवातीचा अंदाज म्हणून दिला की मॅचमूव्हवाल्याचं काम सुकर होतं, कारण लेन्स, उंची आणि मोजमाप आधीच हातात असतं. तरीही कॅमेरा असिस्टंटच्या शीटवर लेन्स, फोकसचं अंतर, कॅमेऱ्याची उंची, टिल्ट आणि यूएसडीझेडची आवृत्ती प्रत्येक टेकला लिहून घ्या, आणि क्लीन प्लेट, ग्रे बॉल, क्रोम बॉल हे नेहमीचे सोपस्कार सोडू नका.

या सगळ्यासाठी वेगळा माणूस हवा. फर्स्ट कॅमेरा असिस्टंटच्या गळ्यात हे काम टाकलं तर ना फोकस नीट होतो ना ट्रॅकिंग. ब्लेंडर येणारी, सेटवरची शिस्त माहीत असलेली एक व्यक्ती कॅमेरा डिपार्टमेंटसोबत सकाळी तासभर आधी यायला हवी.

बजेट मोठं असेल तर पर्याय आहेत. मो-सिसचा स्टारट्रॅकर छतावर चिकटवलेल्या परावर्तक ठिपक्यांकडे बघून जागा ओळखतो, म्हणून हिरव्या भिंतीचा त्याला त्रास होत नाही, पण छत लागतं, म्हणजे तो फ्लोअरपुरताच. एनकॅम २०२३ मध्ये झाइसने घेतली. त्यांची यंत्रणा कॅमेऱ्यावरच्या सेन्सर पट्टीने ट्रॅक करते आणि लेन्सचा फोकस-झूम डेटाही पकडते, त्यामुळे चालत्या झूमचे शॉट हवे असतील तर तिकडे बघावं. दैनंदिन मालिकेसाठी कायमचा व्हर्च्युअल सेट उभारणार असाल तर स्टारट्रॅकरच घ्या, फोन रोज लावण्या-काढण्यात वेळ जाईल. मोजक्या व्हीएफएक्स शॉटच्या मराठी सिनेमासाठी मात्र जेटसेट सिने घ्यावं. आणि रेकीला, म्हणजे शूटची जागा बघायला, जाताना साधी आवृत्ती फोनवर टाकून न्यावी. गडाच्या माचीवर उभं राहून डिजिटल दरवाजा कुठे बसेल, कॅमेरा मागे न्यायला पाय ठेवण्यापुरती जागा आहे की दरी, हे आर्ट डिरेक्टर आणि डीओपी दोघांनी एकाच पडद्यावर बघितलं की सेट किती फुटांपर्यंत बांधायचा ते तिथेच ठरतं.